हॅम्लेटचं वेड: पांघरलेलं किती, खरं किती?

तिसरी_घंटा:

नमस्कार मंडळी. स्पर्धेसाठी 'हॅम्लेट' बसवत आहोत. गोष्ट डेन्मार्कमध्येच ठेवली आहे, पात्रांची नावंही मूळचीच. प्रयोग मध्यंतर धरून सव्वादोन तासांत बसला पाहिजे, म्हणजे संहितेचा जवळजवळ अर्धा भाग गळणार.

अडचण वेडाची आहे. मेलेल्या बापाचं भूत सांगतं की काकानं, म्हणजे आताच्या राजानं, माझा खून केला. त्या भेटीनंतर हॅम्लेट मित्र होरेशियो आणि पहारेकरी मार्सेलस यांना शपथ घालतो: यापुढं मी विचित्र वागलो तर आपल्याला कारण ठाऊक आहे असं चुकूनही दाखवू नका. त्यानंतर मंत्री पोलोनियस, त्याची मुलगी आणि हॅम्लेटची प्रेयसी ऑफेलिया, जुने मित्र, आई, राजा, सगळ्यांसमोर नट एकाच पट्टीत वेडा होतो. विस्कटलेले केस, मधेच हसू, भिरभिरती नजर. तिसऱ्या अंकापर्यंत प्रेक्षक कंटाळतात आणि आईच्या महालातला प्रवेश येतो तेव्हा नटाला वर चढायला जागाच उरत नाही.

कुठं सोंग आणि कुठं खरं, याची खूण संहितेत सापडते का? ऑफेलियाचं वेड याच्यापेक्षा वेगळं कसं दिसेल? आणि नाटकात एवढी फसवाफसवी आहे, त्यातलं काय कापलं तर बाकीचं कोसळेल?


विंगेतून:

नटाला वेडाची पट्टी देऊ नका, समोरचा माणूस द्या. हॅम्लेट वेड पांघरतो ते कुणासमोर, आणि त्या माणसाला ते पटतं का, एवढं प्रवेशागणिक ठरवून घ्या.

खूण संहितेत आहे. मूळ नाटकाचा बराचसा भाग निर्यमक छंदात आहे. हॅम्लेट सोंग घेतो तेव्हा गद्यात उतरतो, एकटा राहिला की पुन्हा छंदात येतो. पोलोनियसला तो मासळीवाला म्हणतो तो संवाद गद्यात. जुने मित्र रोझेनक्रांट्झ-गिल्डनस्टर्न यांच्याशी बोलणं गद्यात. सगळे गेले आणि 'हेक्युबा राणीसाठी हा नट रडतो, आणि मी?' हे स्वगत सुरू झालं की छंद परत. नियम सरसकट लावू नका. नटांना सूचना देताना आणि स्मशानात कवटी हातात घेऊन बोलतानाही तो गद्यातच आहे, आणि तिथं तो पुरता शुद्धीवर आहे. तुमचं भाषांतर सगळंच गद्यात असेल तर हा फरक लयीनं दाखवावा लागेल. सोंगात तुटक वाक्यं, प्रश्नाला उलटा प्रश्न, समोरच्याचाच शब्द उचलून त्याच्या अंगावर टाकणं. एकांतात लांब श्वासाची, एकमेकांत गुंतलेली वाक्यं. केस विस्कटण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

ऑफेलियाबरोबरचा मोठा प्रवेश घ्या, तो जिथं तिला मठात जा म्हणतो आणि पोलोनियस व राजा पडद्याआडून ऐकत असतात. सुरुवातीला तो तिच्याशी छंदात बोलतो, सभ्यपणे, थोडं अंतर राखून. ती त्यानं दिलेल्या भेटवस्तू परत करते आणि शेवटी दोन यमक जुळवलेल्या ओळी म्हणते. त्या ओळी घरून पाठ करून आणल्यासारख्या वाटतात, आणि ऑफेलियानं त्या तशाच म्हणाव्यात. तिथंच हॅम्लेट हसतो आणि गद्यात उतरतो. 'तुझे वडील कुठं आहेत?' हा प्रश्न त्यानंतर बऱ्याच वेळानं येतो. अनेक प्रयोगांत या प्रश्नाच्या आधी पडदा हलवतात, हॅम्लेट दचकतो आणि मग आरडाओरडा करतो. मला ते कधीच पटलं नाही. पडदा हलला की प्रवेश पोलोनियसच्या चुकीचा होतो. न हलवता नुसत्या तिच्या पाठ केलेल्या ओळींवरून त्याला कळलं तर तो ऑफेलियाच्या दुःखाचा राहतो. 'वडील घरी आहेत' हे तिचं खोटं उत्तर हा तिनं त्याच्याशी केलेला एकमेव उघड दगा आहे. त्या उत्तराआधी एक पूर्ण श्वास जाऊ द्या.

आता कोण फसतं ते बघा. पोलोनियस पूर्ण फसतो; प्रेमभंगानं वेड लागलं हे त्यानं हॅम्लेटला भेटण्याआधीच ठरवलेलं असतं, आणि प्रत्येक असंबद्ध उत्तर त्याला त्याचाच पुरावा वाटतं. त्यामुळं त्याच्यासमोर हॅम्लेटला फारसे कष्ट नाहीत. नटानं इथं मजा घ्यावी, पण वाक्य नीट पोचवावं, कारण प्रत्येक वाक्याला धार आहे आणि पोलोनियसही मान्य करतो की या वेडात पद्धत आहे. मित्र अर्धेच फसतात. हॅम्लेट त्यांना सरळ सांगून टाकतो की मी वारा वायव्येकडचा असेल तेव्हाच वेडा असतो, आणि पुढच्या अंकात गिल्डनस्टर्न राजाला तसाच अहवाल देतो: हे वेड धूर्त आहे, तो आम्हाला हाताला लागू देत नाही. राजा तर कधीच फसत नाही. पडद्याआडून ऐकून बाहेर आल्यावर त्याचं निदान पोलोनियसपेक्षा कितीतरी अचूक आहे: हा प्रेमाचा रोग नव्हे, आणि बोलणं जरा विस्कळीत असलं तरी वेड्याचं नव्हे. हॅम्लेटला इंग्लंडला पाठवायचा निर्णय तो तिथंच घेतो, उंदराच्या सापळ्याचं नाटक, म्हणजे राजाचा गुन्हा उघडा पाडायला हॅम्लेट दरबारात करवतो ते, होण्याआधी. हा क्रम प्रेक्षकांपर्यंत पोचला पाहिजे. राजा हॅम्लेटच्या कायम एक पाऊल पुढं आहे, म्हणून सोंग धोकादायक होत जातं.

होरेशियोसमोर सोंग नाहीच. दरबार नाटकाला येताना हॅम्लेट त्याला म्हणतो, ते येताहेत, आता मला खुळ्यासारखं वागलं पाहिजे. सगळ्या नाटकात सोंग डोळ्यांदेखत अंगावर चढताना दिसतं ती हीच जागा. संगीत नको, प्रकाशात बदल नको. नटानं नुसतं खांद्यातून आणि आवाजाच्या जागेतून बदलावं. हे एकदा स्वच्छ दिसलं की प्रेक्षक पुढं-मागं सगळीकडे ते ओळखतात.


जुनी_संहिता:

वरचं बहुतेक पटलं, पण 'समोर कोण आहे' या एकाच किल्लीनं सगळी कुलपं उघडत नाहीत.

आधी सोंगाचं कारण. मूळ कथा बाराव्या शतकाच्या अखेरीस आणि तेराव्याच्या आरंभी सॅक्सो ग्रामॅटिकस या डॅनिश इतिहासकारानं लॅटिनमध्ये लिहिली. तिथं नायकाचं नाव आमलेथ. काकानं केलेला खून सगळ्या राज्याला माहीत आहे, आणि पोरगा मोठा झाला की सूड घेणार हेही उघड आहे. म्हणून जिवंत राहायचं तर खुळं असणं हाच मार्ग. आमलेथ अंगाला राख-चिखल फासून चुलीपाशी बसतो आणि लाकडाचे आकडे विस्तवात कडक करत राहतो. लोक हसतात, आणि शेवटी त्याच आकड्यांनी तो दारू पिऊन पडलेल्या दरबाऱ्यांना भिंतीवरच्या कापडाखाली अडकवून वाड्याला आग लावतो. आईच्या खोलीत लपलेला हेर तिथं गवताखाली आहे. आमलेथ कोंबड्यासारखा आरवत, हातांचे पंख फडफडवत गवतावर उड्या मारतो, पायाखाली काही लागल्यावर तलवार खुपसतो. वेडाचं प्रत्येक कृत्य उपयोगाचं.

शेक्सपिअरनं खून गुप्त ठेवला आणि सगळं गणित उलटलं. राजा क्लॉडियसला हॅम्लेटचा संशयच नव्हता. हॅम्लेट वेड्यासारखा वागू लागला म्हणून त्याच्यावर पाळत बसली. सोंगानं संरक्षण झालं नाही, लक्ष वेधलं. सॅम्युएल जॉन्सननं १७६५च्या आवृत्तीत हीच तक्रार केली आहे, की या सोंगाला पुरेसं कारण नाही. शहाणा राहूनही हॅम्लेटला हे सगळं करता आलं असतं. तक्रार बरोबर आहे. मी तिचा उपयोग असा करीन: सोंग उपयोगाचं नसेल तर ते हॅम्लेटची गरज आहे. दरबारात जे बोलता येत नाही ते वेड्याला बोलता येतं. म्हणजे सोंगाखाली खरी खळबळ हवी, नुसती हुशारी नको.

याला आधार पहिल्याच अंकात आहे. शपथेच्या आधी, म्हणजे सोंगाचा बेत सांगण्यापूर्वीच, हॅम्लेटचं बोलणं भरकटलेलं आहे आणि होरेशियो त्याला तसं म्हणतोही. जमिनीखालून भुताचा आवाज येतो तेव्हा हॅम्लेट त्याला 'म्हातारा घूस' म्हणून हाक मारतो. बापाच्या आत्म्याशी कुणी असं बोलेल? हा धक्का आहे, आणि नंतरच्या सोंगाचा कच्चा माल हाच. तालमीत आधी हा प्रवेश पक्का करा; इथं शरीर काय करतं ते नटाला सापडलं की पुढं सोंगात त्याच हालचाली तो मुद्दाम वापरू शकतो. प्रेक्षकांना त्या ओळखीच्या वाटतात आणि सोंग-खरं यातली सीमा आपोआप पुसट होते.

पहिल्या आणि दुसऱ्या अंकाच्या मधे साधारण दोन महिने जातात. पहिल्या अंकात वडिलांना जाऊन दोन महिनेही झालेले नाहीत, आणि नाटकातल्या नाटकाच्या वेळी ऑफेलिया म्हणते चार महिने झाले. म्हणजे दोन महिने तो न झोपता, एकटा, हे गुपित घेऊन वावरतो आहे. मेकअपमध्ये रंग थापू नका, डोळ्यांखालची ओढ पुरे.

सोंग हातातून सुटतं अशा माझ्या मते तीन जागा आहेत. पहिली प्रेक्षकांना दिसतच नाही: तो ऑफेलियाच्या खोलीत येऊन गेल्याचं ती वडिलांना सांगते. अंगरखा उघडा, डोक्यावर टोपी नाही, मळके पायमोजे घोट्यापर्यंत घसरलेले, चेहरा सदऱ्यासारखा पांढरा, गुडघे एकमेकांवर आपटताहेत. तिचं मनगट घट्ट धरून तो हातभर मागं सरतो, दुसरा हात कपाळावर आडवा धरून तिचा चेहरा बराच वेळ न्याहाळतो, तीनदा मान वरखाली करतो, सुस्कारा टाकतो आणि मान मागे वळवून तिच्याकडे पाहत दाराबाहेर जातो. हे मूकाभिनयात दाखवायचा मोह होईल. दाखवू नका. दाखवलं तर सोंग की खरं याचा निकाल लागतो; ऐकलं तर प्रेक्षकही पोलोनियसइतकाच अंधारात राहतो.

दुसरी, आईचा महाल. हा सगळा प्रवेश छंदात आहे, वरच्या नियमानं इथं सोंग नाही. आणि इथंच त्याच्या हातून पडद्याआड लपलेला पोलोनियस मरतो. भूत येतं, ते आईला दिसत नाही. पहिल्या अंकात तेच भूत बर्नार्डो, मार्सेलस आणि होरेशियो अशा तिघांनी पाहिलेलं आहे, तेव्हा भूत म्हणजे भास असं सरळ म्हणता येत नाही. १६०३च्या पहिल्या छापील आवृत्तीत इथं भूत चिलखताऐवजी घरच्या रात्रीच्या झग्यात येतं. ही सूचना माझ्या फार आवडीची आहे: रणांगणावरचा राजा गेला, घरातला नवरा आला. त्यानंतर हॅम्लेट आईला म्हणतो, माझी नाडी बघ, तुझ्याइतकीच शांत चालते आहे. मी वेडा नाही, वेड हे माझं कसब आहे. बोलतो तेव्हा दोन पावलांवर प्रेत पडलेलं असतं. वाक्य आणि दृश्य एकमेकांना खोटं पाडतात, आणि दोन्ही एकाच चौकटीत दिसतील असंच ब्लॉकिंग, म्हणजे नटांच्या जागा आणि हालचाली, करा. प्रेत पडद्यामागे झाकून टाकलं तर प्रवेशाचा जीव जातो.

तिसरी, ऑफेलियाच्या थडग्यापाशी तिचा भाऊ लेअर्टीस याच्याशी झोंबाझोंबी. तिथं कुणाला फसवायचं नाही, काही मिळवायचं नाही.


पेटीवाली:

ऑफेलियाविषयी लिहिते, कारण चाली लावताना तिच्याच प्रवेशात सगळ्यात जास्त घोळ होतो.

हॅम्लेट सोंगात गद्यात उतरतो. ऑफेलिया खऱ्या वेडात गद्य आणि गाणी यांतच राहते. आधीच्या अंकात हॅम्लेट निघून गेल्यावर तिनं छंदात केलेला सुंदर विलाप आठवा, केवढं उमदं मन उद्ध्वस्त झालं म्हणून. त्या मुलीची भाषाच मोडली आहे. हा मोड ऐकू यायला हवा असेल तर तो आधीचा विलाप कापू नका.

१६०३च्या आवृत्तीत रंगसूचना आहे: केस मोकळे, हातात ल्यूट नावाचं तंतुवाद्य, गात येते. १६२३च्या शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या संग्रहात फक्त 'भ्रमिष्ट' एवढंच. गाणी साधारण दोन जातींची आहेत. एक मरणाची: तो गेला, डोक्याशी हिरवं गवत, पायाशी दगड; आणि शेवटी, तो पुन्हा येणार नाही का. दुसरी व्हॅलेंटाइनच्या दिवसाचं गाणं, ज्यात तो दार उघडतो, मुलगी आत जाते ती कुमारी म्हणून बाहेर येत नाही. हे गाणं उघड शृंगारिक आहे आणि दरबारी घरातली मुलगी राजा-राणीसमोर ते म्हणते. मराठी प्रयोगात सगळ्या गाण्यांना एकच करुण चाल लावली की हा धक्का मरतो. मरणाची गाणी जात्यावरच्या ओवीच्या वळणानं, साथीशिवाय, तीन-चार सुरांतच फिरणारी ठेवा. व्हॅलेंटाइनचं गाणं ठेक्यात, लावणीच्या अंगानं. एका चालीतून दुसरीत जाताना मधे थांबू नका. एका जातीच्या गाण्याचा शेवटचा शब्द तोंडात असतानाच दुसरीचा ठेका सुरू व्हावा. पेटीनं सूर देऊ नका. साथ आली की गाणं 'कार्यक्रम' होतं. आणि गायिका उत्तम असेल तर तिला हरकती-मुरक्या घेऊ देऊ नका, सूर थोडा घसरला तरी चालेल.

फुलं. लेअर्टीस आल्यावर ती रोझमेरी, पॅन्सी, बडीशेप, कोलंबाइन, सताप, डेझी ही नावं घेते. व्हायोलेट सगळी वडील गेले तेव्हाच सुकली म्हणते. पहिल्या दोघांचे अर्थ ती स्वतःच सांगते: आठवण आणि विचार. बाकीच्यांचे सांगत नाही, आणि कुणाला काय दिलं हेही छापलेलं नाही, ते तुम्हाला ठरवायचं आहे. सतापाचा अर्थ पश्चात्ताप. ती म्हणते थोडी तुला, थोडी मला, पण तू ती वेगळ्या अर्थानं धारण कर. ही मी राणीला देईन, बडीशेप आणि कोलंबाइन राजाला, कारण एक खुशामतीचं आणि दुसरं बेइमानीचं समजत. आपल्या प्रेक्षकांना हे संकेत माहीत नाहीत, म्हणून काही जण तुळस, प्राजक्त घालतात. तसं करू नका, डेन्मार्क डेन्मार्कच राहू द्या. अर्थ घेणाऱ्याच्या चेहऱ्यावरून पोचतो: राजानं फूल हातात घेतलं आणि कुठं ठेवावं हे त्याला कळेना, एवढं पुरतं. खरी फुलंही आणू नका. प्रकाशात कोमेजतात, आणि पुढच्या प्रवेशात पायाखाली येतात. काटक्या किंवा गवताच्या काड्या द्या, ती प्रत्येकीला फुलाचं नाव देईल. तिच्या येण्याआधीच्या वर्णनात ती काडीवरूनही चिडते असं आहे, त्यालाही ते जुळतं.

सगळ्यात महत्त्वाचं: नटीला 'वेडेपणा कर' असं सांगू नका. ऑफेलिया काहीही लपवत नाही, हा तिचा आणि हॅम्लेटचा फरक. नाटकभर तिला काय बोलायचं, कुणाला भेटायचं, काय परत करायचं हे दुसऱ्यांनी सांगितलं. आता कुणी सांगणारं नाही, तेव्हा ती समोरच्या माणसाशी थेट, स्पष्ट बोलते. भिरभिरणारी नजर नको, उलट ती डोळ्यांत रोखून बघते आणि बघणाऱ्यालाच नजर वळवावी लागते.


तिसरी_घंटा:

फार उपयोगी. ऑफेलियाच्या चाली बदलतोच. आता कापाकापीचं सांगा. रेनाल्डोचा प्रवेश, नाटकातल्या नाटकाआधीचं मूकनाट्य, नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिनब्रास, इंग्लंडच्या पत्राची हकिकत, एवढं कापायचं ठरत आहे. आणि पोलोनियसला पडद्यातून भोसकणं व शेवटचं द्वंद्व यांत तांत्रिक मदत हवी आहे. आमच्या तालमीत तलवारी कधी बदलल्या हे बघणाऱ्याला कळत नाही.


रंगमंच_व्यवस्था:

तुलनेसाठी: १६०४-०५ची आवृत्ती ३८०० ओळींच्या आसपास, १६०३ची साधारण २२००. १६०४-०५ची आणि १६२३ची संहिता एकत्र करून अखंड प्रयोग केला तर चार तासांवर जातो. १६०३ची आवृत्ती सदोष मानतात, पण कसं कापायचं हे शिकायला चांगली आहे. तिथं 'जगावं की मरावं' हे स्वगत आणि ऑफेलियाचा प्रवेश पुष्कळ आधी, मासळीवाल्याच्या संवादाच्याही आधी येतो. तो क्रम घेतलात तर नटांच्या आगमनानंतर गोष्ट सरळ सापळ्याकडे धावते. वेग मिळतो, पण सापळ्याचा बेत आखून झाल्यावर पुन्हा मरणाचा विचार करणारा हॅम्लेट जातो. दोन तासांच्या प्रयोगात मी हा सौदा करीन.

रेनाल्डोचा प्रवेश कापाल तर त्यातल्या १० ओळी तरी ठेवा. पोलोनियस स्वतःच्या मुलावर पाळत ठेवायला माणूस पाठवतो आणि खोट्याचं आमिष लावून सत्याचा मासा पकडायला शिकवतो. पुढं पडद्याआड लपून मरणारा माणूस कोण आहे हे इथं कळतं. हे नसेल तर पोलोनियस नुसता विनोदी म्हातारा उरतो. फोर्टिनब्रास बिनधास्त काढा. पत्राची हकिकत होरेशियोला सांगायच्या पाच-सहा वाक्यांत आणा, पण काढू नका: हॅम्लेटला मारावं असा हुकूम असलेल्या राजाच्या पत्राच्या जागी हॅम्लेट दुसरं पत्र लिहून बापाच्या मुद्रेनं बंद करतो आणि दोन्ही मित्रांना मरायला पाठवतो. फसवला जाणारा हॅम्लेट इथं स्वतः पुरता फसवणारा झालेला असतो.

मूकनाट्य कापाच. त्यात कानात विष ओतणं एकदा दाखवून होतं आणि राजा तेव्हा गप्प बसतो. मग बोलक्या नाटकात त्याच कृतीवर तो का उठतो, याचं उत्तर शोधण्यात तालमी जातात. मात्र हॅम्लेटचं 'हा लुसिएनस, राजाचा पुतण्या' हे वाक्य ठळक हवं. मारणारा भाऊ नव्हे, पुतण्या आहे. दरबाराला त्यात पुतण्यानं काकाला दिलेली धमकी दिसते, राजाला स्वतःचा गुन्हा दिसतो. राजा उठतो तेव्हा दरबारी हॅम्लेटकडे बघोत, राजाकडे फक्त होरेशियो.

पडद्याचं तंत्र सोपं आहे. जाड, चुण्यांचं कापड, मागं निदान दीड फूट मोकळी जागा. तलवार जाईल तिथं आधीच चीर ठेवून चुणीत लपवा. पोलोनियस चिरेच्या बाजूला, ठरलेल्या खुणेवर उभा राहील. पातं त्याच्या काखेबाहेरून जाईल आणि तो ते दंडाखाली दाबून धरेल. हॅम्लेटनं जोर खांद्यातून दाखवावा, हात खुणेपाशी थांबला पाहिजे. पोलोनियसनं मागून 'आलो' अशी हलकी थाप दिल्याशिवाय वार करायचा नाही. हे रोज, प्रत्येक तालमीत.

द्वंद्वात तीन गोष्टींचा गोंधळ होतो. एक, लेअर्टीसची विष लावलेली तलवार कोणती. तिच्या मुठीला लाल गोफ बांधा आणि दरबारी ऑस्रिक तलवारी आणतो तेव्हा लेअर्टीस एक नाकारून तीच घेतो हे प्रेक्षकांकडे तोंड करून होऊ द्या. दोन, हॅम्लेटसाठीचा विषाचा पेला; विष मोत्याबरोबर पडतं. पहिला वार लागल्यावर राजा मोती टाकतो; आधी स्वतः पितो, मग मोती टाकतो, हा क्रम उलटा झाला तर राजाच मेला पाहिजे. हॅम्लेट पेला बाजूला ठेवायला सांगतो, तो राणीच्या हाताशी ठेवा. दुसऱ्या वारानंतर ती पिते. राजा 'पिऊ नको' म्हणतो, पण जागचा हलत नाही; हलला असता तर ती वाचली असती. तिसरं, अदलाबदल. तिसरी फेरी बरोबरीत सुटते, दोघं वेगळे होतात, आणि हॅम्लेट वळलेला असताना लेअर्टीस त्याला जखम करतो. इथं एक पूर्ण थांबा: हॅम्लेट रक्त बघतो, बोथट तलवारीनं रक्त निघत नाही हे त्याला कळतं. मग झटापट, दोन्ही तलवारी खाली पडतात, हॅम्लेट लाल गोफाची उचलतो आणि दुसरी पायानं लेअर्टीसकडे सरकवतो. थांबा नसेल तर बदल कुणालाच दिसणार नाही. चेहऱ्याच्या उंचीवर एकही वार नको, आणि पहिले काही दिवस सगळं निम्म्या वेगात, आकडे मोजत.


विंगेतून:

भाषांतराचं कुणी विचारलं नाही, तरी सांगून ठेवतो. आगरकरांचं 'विकारविलसित' १८८३चं, त्यावर आता कुणाचा हक्क नाही. शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशींनी गाजवलेला चंद्रसेन म्हणजे हाच हॅम्लेट. आज ते अख्खं बोलायला जड जाईल, पण स्वगतांची बैठक त्यात बघण्यासारखी आहे. नाना जोगांचं भाषांतर २०१८ साली चंद्रकांत कुलकर्णींनी बसवलं, सुमीत राघवन हॅम्लेट होते. ते वापरणार असाल तर हक्कांची चौकशी आधी करा.


तिसरी_घंटा:

एक शेवटचं. द्वंद्वाआधी हॅम्लेट लेअर्टीसची माफी मागतो: तुझ्यावर अन्याय केला तो हॅम्लेटनं नव्हे, त्याच्या वेडानं. आईला सांगितलेलं मग खोटं की हे खोटं? नटाला काय सांगू?


जुनी_संहिता:

जॉन्सनला हीही जागा खुपली होती. शूर माणसानं खोट्याआड लपू नये, दुसरी काही सबब द्यायला हवी होती असं त्यानं लिहिलं. नटाला मात्र खोटं बोलतोयस असं सांगू नका. दरबार भरलेला आहे, राजा ऐकतो आहे आणि त्यानंच दोघांचे हात एकमेकांत दिले आहेत. हॅम्लेटला लेअर्टीसशी खरोखर समेट हवा आहे. त्याच्या दुःखात मला माझंच दिसतं, असं तो आधी होरेशियोला बोलला आहे. आईला 'वेडा नाही' म्हणाला तेही त्याला तेव्हा खरंच वाटत होतं. दोन्ही वाक्यं नटानं मनापासून म्हणावीत, आणि आईला या माफीच्या वेळी त्याच्याकडे बघायला लावा, कारण नाडीवर हात ठेवून केलेलं ते आधीचं विधान फक्त तिनं ऐकलं आहे. लेअर्टीस उत्तर देतो की मन मानतं, पण अब्रूचा प्रश्न राहतो, आणि तोवर मी तुझं प्रेम स्वीकारतो. हे बोलताना त्याची नजर लाल गोफाकडे जाऊ द्या.